माणसं टाळणारा माणूस : जी. ए. कुलकर्णी

होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर अशी एक-दोन मुलं असतातच. मेसमधली गर्दी ओसरली की ती जेवायला येतात. कॉरिडॉरमध्ये समोरून ग्रुप येताना दिसला की मोबाईल काढतात आणि त्यात बघत बघत भिंतीकडेने निघून जातात. सरांना डाऊट विचारायचा असतो, पण स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात. बोनाफाईड सर्टिफिकेट हवं असतं, पण ऑफिसच्या खिडकीवर जाऊन बोलावं लागेल म्हणून महिना काढतात. फोन वाजला तर वाजू देतात, आणि बंद झाला की मेसेज टाकतात. मुलींच्या होस्टेलवरही काही वेगळं चित्र नसणार. आपण अशांना घुमा, शिष्ट, माणूसघाणा अशी नावं ठेवतो आणि मोकळे होतो.

मित्रांनो, या लेखात अशाच एका माणसाविषयी लिहायचं आहे. माणसं टाळण्याबद्दल हा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात प्रसिद्ध होता. सभा नाही, सत्कार नाही, भाषण नाही, मुलाखत नाही. फोटोतसुद्धा डोळ्यांवर काळा चष्मा. आणि तरीही मराठी कथेचा विषय निघाला की त्याचं नाव पहिल्या चार-पाचांत येतंच. तो माणूस म्हणजे जी. ए. कुलकर्णी.

जी. ए. तसे आपल्या शेजारचेच. जयसिंगपूरहून शिरोळ, कुरुंदवाड मागे टाकून पुढे गेलं आणि राज्याची सीमा ओलांडली की बेळगाव जिल्हा लागतो. त्यातल्या चिकोडी भागात एकसंबा नावाचं गाव आहे. सदलगा, बोरगाव, चिकोडीकडून कुणी आपल्याकडे शिकायला असेल तर त्याला हे गाव सांगायलाच नको. या एकसंब्यात १० जुलै १९२३ रोजी गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. त्या वेळी हा सगळा भाग मुंबई इलाख्यात होता. एका घरात मराठी, अंगणात कानडी, आणि बाजारात दोन्हींची मिसळ, अशी इथली बोली. ती मिसळ पुढे त्यांच्या कथांत जागोजागी उतरली. त्यांच्या पात्रांची नावं, त्यांचे वाडे, त्यांची जेवणं, त्यांच्या शिव्यासुद्धा आपल्याला ओळखीच्या वाटतात, त्याचं कारण हेच.

शिक्षण बेळगावला झालं. पण बालपण सुखाचं नव्हतं. आईवडिलांचं छत्र लवकर हरपलं. रक्ताची, जवळची माणसं एकामागून एक जाताना या मुलाने पाहिली. ज्या वयात आपण क्रिकेटच्या टीममध्ये घेतलं नाही म्हणून रुसतो, त्या वयात घरातली माणसं कमी कमी होत जाण्याचा अनुभव त्यांच्या वाट्याला आला. पुढे त्यांचं कुटुंब म्हणजे त्यांच्या मावसबहिणी. घरात त्यांना बाबुआण्णा म्हणत. त्यांच्या मावसबहीण नंदा पैठणकर यांनी 'प्रिय बाबुआण्णा' या नावाचं आठवणींचं पुस्तक लिहिलंय. बाहेर ज्यांच्याभोवती एवढं गूढ होतं, ते घरात कसे होते हे त्या पुस्तकातून कळतं. जी. एं.नी लग्न केलं नाही, पण घर मात्र सांभाळलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माणसं टाळणं आणि जबाबदारी टाळणं या दोन गोष्टी आपण बऱ्याचदा एकच समजतो.

इंग्रजी विषय घेऊन एम. ए. केल्यावर जी. ए. प्राध्यापकीत शिरले आणि धारवाडला स्थायिक झाले. तिथल्या जनता शिक्षण समितीच्या कॉलेजमध्ये त्यांनी सुमारे तीन दशकं इंग्रजी शिकवलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, धारवाड हे जिल्हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. मराठी साहित्याचा बाजार मुंबई-पुण्यात, आणि हा मराठी लेखक कानडी मुलखात! धारवाड हे काही साधंसुधं गाव नाही. कन्नडचे मोठे कवी द. रा. बेंद्रे तिथले, मल्लिकार्जुन मन्सूर तिथले. पण मराठी साहित्यातली गटबाजी, समारंभ, उद्घाटनं, रोजच्या भेटीगाठी यांपासून ते गाव लांब होतं. दुसऱ्या एखाद्या लेखकाने बदलीसाठी, मुंबईत जागेसाठी खटपट केली असती. जी. एं.नी धारवाड सोडलं ते आयुष्याच्या अखेरीस, तेही आजारपणामुळे.

त्या गावात बसून त्यांनी काय लिहिलं ते बघा. 'सत्यकथा' मासिकातून त्यांच्या कथा येऊ लागल्या आणि वाचक दचकले. १९५९ साली 'निळासावळा' हा पहिला संग्रह निघाला. १९६० ला 'पारवा', १९६२ ला 'हिरवे रावे', १९६६ ला 'रक्तचंदन'. म्हणजे सात वर्षांत चार संग्रह! मग १९७२ ला 'काजळमाया', १९७५ ला 'सांजशकुन' आणि 'रमलखुणा', १९७७ ला 'पिंगळावेळ'. यांशिवाय कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांचे अनुवाद आहेतच. 'रान', 'गाव', 'शिवार' ही नावं आपल्या लायब्ररीत शोधून बघा. लहान मुलांसाठी 'बखर बिम्मची' लिहिली. चित्रंही काढली. ज्यांना वाचनाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सांगतो, अमोल पालेकरांचा 'कैरी' हा सिनेमा जी. एं.च्याच कथेवर आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एवढं नाव झाल्यावर माणसं भेटायला येणारच. पण जी. ए. भेटी टाळत. व्यासपीठावर जाणं टाळत. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. अनोळखी माणूस दारात आला की त्यांना अवघडायचं. यावरून त्यांच्याबद्दल नाना कहाण्या तयार झाल्या. त्यांतल्या खऱ्या किती आणि रचलेल्या किती हे सोडून देऊ. माणूस समोर येत नाही म्हटलं की लोक त्याच्याबद्दल जास्तच बोलतात, हे होस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पण मग एक कोडं पडतं. ज्याला माणसांची एवढी अडचण होते, तो तीस वर्षं रोज सकाळी भरल्या वर्गासमोर उभा कसा राहतो? आणि वर्गाचंच कशाला? धारवाडच्या क्लबमध्ये जी. ए. नेमाने पत्ते खेळायला जायचे. तिथे त्यांचे खेळगडी होते, सिगारेट होती, चहा होता. आणि तिसरी गोष्ट पत्रं. पत्रांत तर हा अबोल माणूस सुटायचाच! पानंच्या पानं. वाचलेली पुस्तकं, पाहिलेले सिनेमे, चित्रं, खाणंपिणं, बालपण, मृत्यू, थट्टा, स्वतःचीच टिंगल, सगळं त्यांत यायचं. त्यांच्या निधनानंतर 'जी. एं.ची निवडक पत्रे' या नावाने या पत्रांचे खंड निघाले. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं २००३ साली 'प्रिय जी. ए.' या नावाने पुस्तकरूपात आली. ही दोन्ही बाजूंची पत्रं वाचली की कळतं, एवढी जवळची मैत्री रोज तासन्‌तास गप्पा मारणाऱ्यांतही सहसा सापडत नाही.

यातला एक धागा तर आपल्या पॅसेंजर गाडीच्या रुळावरच आहे. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवणारे समीक्षक प्रा. म. द. हातकणंगलेकर हे जी. एं.चे जवळचे मित्र. धारवाड आणि सांगली यांच्यामध्ये वर्षानुवर्षं पत्रं चालू होती. जी. एं.च्या निवडक पत्रांच्या संपादनातही हातकणंगलेकरांचा हात होता. पुढे २००८ साली सांगलीत भरलेल्या ८१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे हातकणंगलेकर अध्यक्ष झाले. म्हणजे एक मित्र संमेलनाच्या मांडवात मध्यभागी आणि दुसरा आयुष्यभर मांडवाच्या बाहेर! तरी मैत्री होती. दोन माणसांचे स्वभाव सारखे असल्याशिवाय जमत नाही, हा आपला समज इथे खोटा ठरतो.

आता वर्ग, पत्ते आणि पत्रं या तिन्हींत सारखं काय आहे ते बघू. मला तरी असं वाटतं की या तिन्ही ठिकाणी माणसं असतात, पण भेटीला एक चौकट असते. वर्गात विषय ठरलेला, वेळ ठरलेली, घंटा झाली की संपलं. पत्त्यांत हुकूम ठरलेला, डाव ठरलेला. बोलायला काही सुचलं नाही तरी पान टाकलं की आपला वाटा झाला. पत्रात तर विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो, वाक्य खोडता येतं, आणि समोरचा माणूस आपल्या तोंडाकडे बघत नसतो. म्हणजे या माणसाला माणसांचा वीट आला होता असं दिसत नाही. अघळपघळ गप्पा, कौतुकाची गर्दी, आपल्यावर रोखलेले डोळे, यांचा जाच त्यांना होत असावा. त्यांनी तेवढंच टाळलं आणि बाकीचे रस्ते उघडे ठेवले.

त्यांच्या कथा वाचल्या तरी हेच जाणवतं. माणसांचा तिटकारा असलेल्या माणसाला माणसं एवढी बारकाईने दिसतील का? दरिद्री घरातला कारकून, मन मारून जगणारी बहीण, म्हातारपणात एकटी पडलेली बाई, अपमान गिळणारा मास्तर, अशी किती पात्रं! 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' हे त्यांच्या निधनानंतर आलेलं आठवणीवजा पुस्तक तर नावापासूनच माणसांचं आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्याला वर्ग जास्त दिसतो, तसं काहीसं हे आहे.

भिडस्त माणूस म्हणजे मऊ माणूस, त्याला नाही म्हणता येत नाही, असंही आपण धरून चालतो. जी. एं.च्या आयुष्यात याचं उत्तर सापडतं. 'काजळमाया' या संग्रहाला १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण पुस्तक नेमकं कधी प्रकाशित झालं, ते पुरस्काराच्या नियमात बसतं की नाही, यावरून वाद निघाला. जी. एं.नी पुरस्कार परत करून टाकला. राष्ट्रीय पातळीवरचा मान! त्यासाठी त्यांनी ना सभा घेतली, ना मोर्चा काढला. आपल्या नावाला शंकेचा डाग लागलेला मान आपल्याला नको, एवढं ठरवलं आणि तसं केलं. गर्दीत बोलता न येणं वेगळं आणि कणा नसणं वेगळं. हॉस्टेल डेच्या स्टेजवर पाय लटपटणारा मुलगा रॅगिंगच्या वेळी ज्युनिअरच्या बाजूने उभा राहू शकतो.

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून आपल्या बाजूचंही एक उदाहरण बघू. हेन्री कॅव्हेंडिश हे नाव फिजिक्समध्ये सर्वांनी वाचलंय. जन्म १७३१, मृत्यू १८१०. हायड्रोजन हा वेगळा वायू आहे हे १७६६ साली दाखवणारा आणि १७९८ साली तराजूसारख्या नाजूक उपकरणाने पृथ्वीची घनता काढणारा हाच तो शास्त्रज्ञ. त्याचं उत्तर आजच्या आकड्याशी जवळजवळ जुळतं. हा माणूस इतका लाजरा, की घरातल्या नोकरांशी बोलावं लागू नये म्हणून जेवणाची ऑर्डर चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. मात्र रॉयल सोसायटीच्या मंडळींच्या क्लबात जेवायला नेमाने जायचा. जी. एं.चा पत्त्यांचा क्लब आणि कॅव्हेंडिशचा जेवणाचा क्लब, दोघांनीही माणसांची एक जागा राखून ठेवली होती.

पण कॅव्हेंडिशच्या बाबतीत एक नुकसान झालं. विजेवरचे कितीतरी प्रयोग करून त्याने वह्यांत लिहून ठेवले आणि कुणाला दाखवलेच नाहीत. विद्युतभारांमधल्या बलाचा जो नियम आपण कूलंबच्या नावाने पाठ करतो, तो त्याने कूलंबच्या आधी प्रयोगाने तपासलेला होता. ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमाच्या जवळही तो कितीतरी आधी पोहोचला होता. हे जगाला कळलं ते १८७९ साली, मॅक्सवेलने त्या वह्या संपादित करून छापल्यावर. म्हणजे मृत्यूनंतर एकोणसत्तर वर्षांनी! दोघांमधला फरक इथे आहे. जी. एं.नी स्वतःला लपवलं, पण काम लपवलं नाही. कथा पोस्टात टाकली, संपादकाशी पत्रातून वाद घातला, पुस्तक बाहेर येऊ दिलं. कॅव्हेंडिशने स्वतःबरोबर कामाचाही मोठा भाग लपवला.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की आपल्यातली काही मुलं हल्ली फार पटकन म्हणतात की आपण तसलेच आहोत, आपल्याला माणसं आवडत नाहीत, एकटंच बरं वाटतं. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. एकटं राहणं हा काही गुन्हा नाही. पण जी. एं.चं नाव घेऊन दार लावून बसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. दार लावल्यावर आत काही चाललंय का? वाचन, लेखन, प्रोजेक्ट, चित्र, निदान निवांत झोप? की दाराच्या आत बसून बाहेरचे काय म्हणत असतील याचाच हिशोब चालू आहे? पहिलं असेल तर तो एकांत. दुसरं असेल तर ती भीती, आणि तिला एकांत म्हणणं ही स्वतःची फसवणूक.

जी. एं.ना काय होतं, कशामुळे होतं, याचं निदान करायचा आपल्याला काही अधिकार नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात या गोष्टीला वेगळं नावही नव्हतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 'सोशल फोबिया' हा स्वतंत्र आजार म्हणून आपल्या यादीत घातला तो १९८० साली. आता त्याला 'सोशल अँक्झायटी' म्हणतात. लोक आपल्याकडे बघतायत, आपली परीक्षा करतायत, आपलं हसं होणार, ही भीती इतकी वाढते की रोजची साधी कामं अडतात. छाती धडधडते, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, आवाज कापतो. बहुतेकांना हा त्रास शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो. साधं लाजणं आणि हा त्रास यांत फरक आहे. लाजरा मुलगा व्हायवाला घाबरतो, पण देतो. या त्रासातला मुलगा विषय येत असूनही व्हायवा बुडवतो.

तो वाढतो कसा, हे आपल्याला समजायला सोपं जावं. कंट्रोल सिस्टीममध्ये पॉझिटिव्ह फीडबॅक शिकतो ना, तसंच आहे हे. समजा, ऑफिसच्या खिडकीवर जायची भीती वाटली. गेलो नाही. लगेच हायसं वाटलं. मनाने नोंद केली की पळालं की सुटका होते. पुढच्या वेळी भीती थोडी जास्त, पळणं थोडं लवकर. आधी खिडकी सुटली, मग स्टाफरूम, मग मेस, मग लेक्चर. शेवटी सबमिशनच्या दिवशीसुद्धा पांघरूण डोक्यावर. आऊटपुट परत इनपुटमध्ये मिसळत राहिलं की सिस्टीम हाताबाहेर जाते, हे परीक्षेत आपण दहा मार्कांना लिहितो.

हा लूप तोडायचा असेल तर एकदम स्टेजवर चढायची गरज नाही. तिथे जी. एं.कडून घेण्यासारखं आहे. चौकट असलेली एखादी जागा शोधा. कॅरम, टेबल टेनिस, बुद्धिबळ, लॅबमधला ग्रुप, एन.एस.एस.चं झाडं लावायचं काम. जिथे हाताला काम असतं आणि बोलायचं कारण आपोआप मिळतं, अशी जागा. तिथे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जायचं. मूड असो वा नसो. जमेना झाल्यास लिहा. सरांशी बोलता येत नसेल तर आधी चार ओळींची चिठ्ठी किंवा मेल द्या आणि मग भेटा. मात्र कॅव्हेंडिशसारखं वही मिटून ठेवू नका. प्रोजेक्टमधलं अर्धं काम तुम्ही केलेलं असताना प्रेझेंटेशनमध्ये तुमचं नावही येत नसेल, तर ते नुकसान तुमचंच आहे, आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूत ते भरून निघत नाही.

आणि ज्यांना असा काही त्रास नाही, त्यांच्यासाठीही दोन शब्द. आपल्या रूममधला किंवा शेजारच्या रूममधला मुलगा असा असेल तर त्याला चारचौघांत उभं करून त्याची भीड घालवायला जाऊ नका. सगळ्यांसमोर गाणं म्हणायला लावून कुणाची भीती गेलेली नाही, उलट वाढलेली आहे. चहाला बोलावताना एकट्याला बोलवा, आणि काहीतरी कामाने बोलवा. स्टेशनजवळून झेरॉक्स आणायच्यात, चल. नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, आठ दिवसांनी पुन्हा विचारा. हातकणंगलेकरांनी किंवा सुनीताबाईंनी हा माणूस शिष्ट आहे म्हणून पत्र लिहायचं सोडून दिलं असतं तर मराठीत तो पत्रांचा ठेवा आलाच नसता. न बोलणाऱ्या माणसाची मैत्री टिकते ती बरीचशी दुसऱ्या बाजूच्या चिकाटीवर.

एवढं करूनही जेवण, झोप, लेक्चर, परीक्षा यांवर परिणाम होत असेल, जगणं नको वाटत असेल, तर मात्र डॉक्टरकडे जायला लाजू नये. या त्रासावर उपचार आहेत. विचारांची आणि वागण्याची सवय थोडी थोडी बदलणारी समुपदेशनाची पद्धत आहे, गरज पडली तर औषधं आहेत, आणि बऱ्याच जणांना त्याने फरक पडतो. डोळ्याला नंबर लागला तर आपण चष्मा करतोच की! समोर बसून बोलणं अवघड वाटत असेल तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्री कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी. सरांना, मॅडमना आणि रेक्टरसाहेबांनाही एक विनंती करावीशी वाटते. ओरलला गप्प बसलेला प्रत्येक विद्यार्थी अभ्यास न केलेलाच असतो असं नाही. त्याला एखादा प्रश्न कागदावर सोडवायला देऊन बघा.

जी. एं.चे अखेरचे दिवस पुण्यात गेले. ज्या धारवाडात सगळं आयुष्य काढलं ते आजारपणामुळे सोडावं लागलं. ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचं निधन झालं. वय ६४. त्यानंतर जे झालं ते मात्र नवलाचं आहे. जिवंतपणी भेट मिळणं कठीण, असा हा माणूस गेल्यावर पत्रांच्या खंडांतून घराघरांत गेला. त्यांना कधीही न भेटलेली माणसं त्यांची पत्रं वाचून ते आपल्या घरचेच असल्यासारखं बोलू लागली.

कॉलेजच्या लायब्ररीत मराठी पुस्तकांचं एक कपाट असतं. त्याची किल्ली मागायला काउंटरवर जावं लागतं, आणि तिथे दोन वाक्यं बोलावी लागतात. ज्यांना ती दोन वाक्यं जड वाटतात, त्यांनी या आठवड्यात एवढंच करावं. किल्ली मागावी, 'पिंगळावेळ' काढावं आणि रूमवर नेऊन दार लावून खुशाल वाचत बसावं. आणि वाचून झाल्यावर ते कसं वाटलं हे एका तरी माणसाला सांगावं. बोलून नाही जमलं, तर लिहून.